गियूर कोणाला मान्य, कशासाठी मान्य: ज्यू धर्मप्रवेशापूर्वी तपासायच्या गोष्टी

ज्यू धर्मात रीतसर प्रवेश करण्याला गियूर म्हणतात. ‘माझा गियूर सगळीकडे मान्य होईल का?’ असा प्रश्न विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण ज्यू धर्माला व्हॅटिकनसारखे एकच सर्वोच्च पीठ नाही. ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्वेटिव्ह आणि रिफॉर्म हे मोठे पंथ आपापल्या रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, संघटनांमार्फत चालतात, आणि इस्राएलमध्ये तर सरकारचे गृहखाते व मुख्य रब्बीनेट, म्हणजे रब्बींचे सरकारमान्य सर्वोच्च मंडळ, ही दोन कार्यालये एकाच माणसाविषयी दोन वेगळे निर्णय देऊ शकतात. एकाच दाखल्यावर नागरिकत्व मिळालेल्या माणसाला त्याच दाखल्यावर लग्न नाकारले जाते, आणि यात कोणीही नियम मोडलेला नसतो. म्हणून मान्यतेचा विचार नेहमी ‘कोणाला’ आणि ‘कशासाठी’ हे दोन शब्द जोडूनच करावा. गियूर पूर्ण झाल्यावर हे दोन शब्द आठवले तर हाती फारसे काही उरत नाही. म्हणून पुढील पायऱ्या अभ्यासवर्गात नाव घालण्याच्या आधीच्या आहेत.

पहिली पायरी: हेतू कागदावर उतरवा

सिनेगॉगचे, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचे, सभासदत्व आणि प्रार्थनेतला सहभाग, लग्न, मुलांचे ज्यू असणे, ज्यू शाळेतला प्रवेश, ज्यू दफनभूमीतील जागा आणि इस्राएलचे नागरिकत्व हे सहा हेतू साधारणपणे समोर येतात. आपल्याला यांपैकी काय हवे आहे आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत काय हवे होऊ शकेल, हे जोडीदारासह बसून लिहावे. न्यू जर्सीत राहून रिफॉर्म सिनेगॉगमध्ये कुटुंब वाढवायचे असेल, तर रिफॉर्म गियूर पुरेसा आहे आणि त्याला कमी लेखण्याचे काही कारण नाही. मात्र उद्या मुलीला जेरुसलेममध्ये रब्बीनेटमार्फत लग्न करायचे झाले, तर आईचा तोच गियूर तिच्या आड येईल.

एक गैरसमज येथेच दूर करावा. केवळ ज्यू जोडीदारासोबत इस्राएलला स्थायिक व्हायचे असेल, तर गियूर आवश्यक नाही. ज्यूंना इस्राएलमध्ये स्थायिक होण्याचा हक्क देणाऱ्या १९५० च्या परतीच्या कायद्यात १९७० मध्ये झालेल्या दुरुस्तीने ज्यू व्यक्तीच्या पती-पत्नीला, मुलांना, नातवंडांना आणि मुला-नातवंडांच्या जोडीदारांनाही स्थलांतराचा हक्क दिला आहे. भारतातही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ज्यू आणि हिंदू व्यक्ती आपापला धर्म न सोडता लग्न करू शकतात. केवळ कागदपत्रे सोपी व्हावीत म्हणून गियूर करू पाहणाऱ्याला जाणकार रब्बी बहुधा परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे.

दुसरी पायरी: पंथांचे निकष समजून घ्या

परंपरेने गियूरचे चार घटक आहेत. पुरुषाची सुंता हा पहिला. ती आधी वैद्यकीय कारणाने झालेली असल्यास रक्ताचा एक थेंब काढण्याचा प्रतीकात्मक विधी होतो. मिक्वे नावाच्या विधियुक्त जलकुंडात पूर्ण बुडी मारणे हा दुसरा. तोरा या मूळ धर्मग्रंथातील आज्ञांचा स्वीकार हा तिसरा, आणि हे सारे बेत दिनापुढे, म्हणजे तीन जणांच्या धर्मन्यायमंडळापुढे होणे हा चौथा. तल्मूद या प्राचीन रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातील यव्हामोत या भागात या विधीचे वर्णन आहे आणि शुल्हान आरूख या सोळाव्या शतकातील धर्मसंहितेत त्याचे नियम आहेत. पंथांमधला वाद मुख्यतः तिसऱ्या आणि चौथ्या घटकाविषयी आहे.

ऑर्थोडॉक्स पंथाच्या दृष्टीने आज्ञांचा स्वीकार म्हणजे शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), कोशेर (धर्मनियमांनुसार चालणारा) आहार आणि वैवाहिक शुद्धीचे नियम यांसह संपूर्ण हलाखा, म्हणजे ज्यू धर्मनियम, बंधनकारक मानून जगण्याची कबुली. आणि न्यायमंडळाचे सदस्यही तसेच जगणारे असले पाहिजेत. त्यामुळे कॉन्झर्वेटिव्ह किंवा रिफॉर्म बेत दिनाने सुंता आणि मिक्वे हे दोन्ही विधी अगदी काटेकोरपणे केले, तरी ऑर्थोडॉक्स रब्बी तो गियूर मानत नाहीत. न्यूयॉर्कचे विख्यात धर्मनिर्णायक रब्बी मोशे फाइनस्टाइन यांचीही हीच भूमिका होती. येथे उमेदवाराच्या प्रामाणिकपणावर शंका घेतलेली नसते. न्यायमंडळाची पात्रता नाकारलेली असते. हा फरक लक्षात ठेवला तर नकाराचा मानसिक त्रास थोडा कमी होतो.

कॉन्झर्वेटिव्ह पंथ, ज्याला अमेरिकेबाहेर बहुधा मसोर्ती म्हणतात, चारही घटक आवश्यक मानतो. ऑर्थोडॉक्स गियूर त्याला मान्य असतो. रिफॉर्म गियूरच्या बाबतीत तो मिक्वे आणि, पुरुष असल्यास, सुंता झाली होती का हे पाहतो. झाली असल्यास सहसा अडचण येत नाही आणि राहिली असल्यास तेवढा भाग पूर्ण करून घेतो.

रिफॉर्म पंथ इतर सर्व पंथांचे गियूर स्वीकारतो. अमेरिकेतील रिफॉर्म रब्बींच्या मध्यवर्ती परिषदेने १८९३ मध्ये असा ठराव केला होता की प्रवेशासाठी सुंता किंवा मिक्वे असा कोणताही विधी बंधनकारक नाही. आज अनेक रिफॉर्म रब्बी हे विधी आवर्जून करून घेतात, पण सगळेच करत नाहीत. म्हणून ‘रिफॉर्म गियूर’ या एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या ताकदीचे दाखले असू शकतात, आणि पुढे कॉन्झर्वेटिव्ह सिनेगॉगमध्ये जाण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर आपल्या रब्बींकडे मिक्वेचा आग्रह धरावा. त्यासाठी लागतो एक दिवस, आणि वाचतात पुढची अनेक वर्षे.

तिन्ही पंथांना चालेल असा एकच मार्ग काढण्याचा प्रयत्न अमेरिकेतील डेन्व्हर शहरात झाला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथील ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्वेटिव्ह आणि रिफॉर्म रब्बींनी अभ्यासक्रम एकत्र ठेवला आणि शेवटचा विधी ऑर्थोडॉक्स रब्बींकडे सोपवला. १९८३ मध्ये रिफॉर्म परिषदेने ज्यू पित्याचे आणि ज्यू नसलेल्या मातेचे मूलही, ज्यू म्हणून वाढवले गेल्यास, ज्यू मानण्याचा ठराव केला. मातृवंशच प्रमाण मानणाऱ्या पंथांना तो पटणे शक्यच नव्हते, आणि डेन्व्हरची ही व्यवस्था त्याच वर्षी संपुष्टात आली. तेव्हापासून सर्वमान्य गियूर अशी कोणी जाहिरात केली, तर तिच्याकडे संशयानेच पाहावे.

तिसरी पायरी: पंथाचे नाव पुरेसे नाही, बेत दिन तपासा

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात. ‘ऑर्थोडॉक्स रब्बींकडून गियूर केला’ एवढ्याने ऑर्थोडॉक्स जगात मान्यता मिळतेच असे नाही. रॅबिनिकल काउन्सिल ऑफ अमेरिका या ऑर्थोडॉक्स रब्बींच्या संघटनेने २००७-०८ च्या सुमारास जीपीएस नावाची प्रादेशिक बेत दिनांची साखळी उभारली आणि इस्राएलच्या मुख्य रब्बीनेटशी समझोता केला. त्यानंतर अमेरिकेत एकट्या रब्बीने दोन सहकारी जमवून केलेला गियूर अधिकच अडचणीत येऊ लागला. ब्रिटनमध्ये ऑर्थोडॉक्स मान्यतेसाठी लंडन बेत दिनाचा शब्द सर्वांत वजनदार मानला जातो, आणि त्याची प्रक्रियाही तितकीच दीर्घ व कडक असते. उमेदवाराला धर्मनिष्ठ ज्यू वस्तीत राहायला जावे लागते.

नामवंत रब्बीची सहीदेखील कवच ठरत नाही, हे २०१६ मध्ये दिसले. न्यूयॉर्कचे ज्येष्ठ ऑर्थोडॉक्स रब्बी हॅस्केल लुकस्टीन यांनी केलेला एका स्त्रीचा गियूर इस्राएलमधील पेताह तिकवा येथील धर्मन्यायालयाने नाकारला. प्रकरण वरच्या धर्मन्यायालयात गेले. तेथेही मूळ गियूरवर शिक्कामोर्तब होण्याऐवजी तिच्याकडून आज्ञांचा स्वीकार पुन्हा वदवून घेण्यात आला. पुढच्याच वर्षी रब्बीनेटकडील एक यादी प्रसिद्ध झाली, ज्यात परदेशातील सुमारे १६० रब्बींची नावे होती. अर्जदार ज्यू असल्याची त्यांनी दिलेली पत्रे स्वीकारली गेली नव्हती. त्यांत रिफॉर्म आणि कॉन्झर्वेटिव्ह रब्बींबरोबर ऑर्थोडॉक्स रब्बीही होते.

काही समाज तर कोणाचाच गियूर मानत नाहीत किंवा आपल्याकडे होऊ देत नाहीत. ब्रुकलिनमधील सीरियन ज्यू समाजाने १९३५ मध्ये रब्बींच्या हुकूमनाम्याने धर्मप्रवेश केलेल्यांशी विवाहसंबंध बंद केले, आणि ब्वेनोस आयरेसमध्ये १९२७ पासून अर्जेंटिनाच्या भूमीवर गियूर करण्यास बंदी घालण्यात आली, ज्यामुळे तेथील इच्छुकांना परदेशाची वाट धरावी लागली. जोडीदाराचे घराणे अशा समाजातले असेल, तर आधी घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलावे. बेत दिन कितीही मोठा असला तरी त्या घराची दारे तो उघडू शकत नाही.

म्हणून निवडलेल्या बेत दिनाला तीन प्रश्न लेखी विचारावेत. तुमचे गियूर इस्राएलचे मुख्य रब्बीनेट सध्या मान्य करते का? दाखल्यावर कोणत्या तिघांच्या सह्या असतील? आणि आमच्या शहरातील अमुक एका सिनेगॉगमध्ये तुमचा दाखला चालतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या सिनेगॉगच्या रब्बींकडूनही पडताळून घ्यावे. यात संकोच बाळगू नये. गंभीर बेत दिनाला असे प्रश्न सवयीचे असतात, आणि जो ते टाळतो तो टाळण्यातूनच उत्तर देत असतो.

चौथी पायरी: विधीच्या दिवशीचे बारकावे

अभ्यासाचा काळ पंथानुसार बदलतो; रिफॉर्म आणि कॉन्झर्वेटिव्ह पंथांत साधारण एक वर्ष, तर ऑर्थोडॉक्स पंथात बहुधा त्याहून जास्त. त्यानंतर बेत दिनाची मुलाखत आणि मग मिक्वे. बुडी मारताना पाणी आणि शरीर यांच्यामध्ये काहीही राहता कामा नये, म्हणून अंगठ्या, कानातले, नेलपॉलिश, कॉन्टॅक्ट लेन्स हे सारे काढले जाते, नखे कापली जातात आणि केस विंचरून मोकळे सोडले जातात. स्त्री उमेदवार असल्यास परिचारिका आत असते. न्यायमंडळाचे पुरुष तिच्या लज्जेला धक्का लागणार नाही अशा बेताने, अनेकदा आडोशाने किंवा ती गळ्यापर्यंत पाण्यात सैलसर वस्त्रात उभी असताना, आपली उपस्थिती नोंदवतात. डोक्याचा एकही केस पाण्यावर तरंगता नसावा. पाण्यात उभे असताना काही आज्ञांविषयी प्रश्न विचारले जातात, आशीर्वचन म्हटले जाते आणि बुडी पुन्हा मारली जाते.

हा तपशील येथे देण्याचे कारण असे की पुढे आक्षेप निघतो तो बहुधा याच क्षणांवर. साक्षीला तिघेही होते का, मिक्वे विधियुक्त होते की साधा पोहण्याचा तलाव, विधी दिवसा झाला का, हे प्रश्न दहा वर्षांनंतर विचारले जातात, आणि तेव्हा स्मरणावर विसंबता येत नाही.

पाचवी पायरी: दाखला आणि बाकीची कागदपत्रे

दाखल्यावर जुने नाव, पासपोर्टवर आहे तसेच, नवे हिब्रू नाव, जे ‘अव्राहामचा पुत्र’ किंवा ‘अव्राहामची कन्या’ या धर्तीवर असते, हिब्रू आणि इंग्रजी अशा दोन्ही तारखा, मिक्वेचे ठिकाण, सुंता आणि बुडी झाल्याचा स्पष्ट उल्लेख, आणि तिघांच्या सह्या व सुवाच्य नावे असावीत. मराठी माणसाच्या बाबतीत मधले नाव आणि आडनाव यांचा घोळ हमखास होतो; दाखल्यावर वडिलांचे नाव गळले आणि पासपोर्टवर ते असले, तर पुढे शपथपत्रे करीत बसावे लागते. सह्या होण्यापूर्वीच मसुदा वाचायला मागून घ्यावा.

दाखल्याबरोबर अभ्यासवर्गाची हजेरी, अभ्यासक्रमाचा आराखडा, पुरस्कर्त्या रब्बींचे पत्र आणि गियूरनंतर समाजात सहभागी असल्याचे सिनेगॉगचे पत्र जपून ठेवावे. इस्राएलचे गृहखाते परदेशात झालेल्या गियूरबाबत हेच पाहते: गियूर करणारा समाज मान्यताप्राप्त आहे का, अभ्यास पुरेसा झाला का, आणि अर्जदार विधीनंतर काही महिने त्या समाजात खरोखर वावरला का. दाखला मिळाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात स्थलांतराचा अर्ज केल्यास तो तुंबणार हे ठरलेले.

सहावी पायरी: इस्राएलमधील दोन खिडक्या

परतीच्या कायद्यातील १९७० ची दुरुस्ती ज्यू कोणाला म्हणायचे ते सांगते: ज्याची आई ज्यू आहे किंवा ज्याने ज्यू धर्मात प्रवेश केला आहे, आणि जो अन्य धर्माचा सदस्य नाही. ‘हलाखाप्रमाणे प्रवेश केलेला’ असे शब्द त्यात नाहीत, आणि ते घालण्याचे प्रयत्न पुनःपुन्हा होऊनही अयशस्वी ठरले. त्या रिकाम्या जागेतच पुढचे सगळे खटले उभे राहिले. परदेशातील रिफॉर्म व कॉन्झर्वेटिव्ह गियूर नागरिकत्वासाठी १९८० च्या दशकातच न्यायालयात टिकले. इस्राएलमध्ये सरकारी व्यवस्थेबाहेर केलेले खासगी ऑर्थोडॉक्स गियूर २०१६ मध्ये आणि इस्राएलमध्येच केलेले रिफॉर्म व कॉन्झर्वेटिव्ह गियूर १ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परतीच्या कायद्यापुरते मान्य केले. शेवटच्या निकालाच्या याचिका २००५ पासून पडून होत्या, यावरून या विषयातले राजकारण किती जड आहे ते कळावे.

दुसरी खिडकी लग्नाची. १९५३ च्या कायद्यानुसार इस्राएलमधील ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट रब्बीनेटच्या अखत्यारीत आहेत, आणि तेथे २०२१ च्या निकालाने काहीही बदललेले नाही. रिफॉर्म गियूरवर नागरिक झालेली व्यक्ती देशात रब्बीनेटमार्फत ज्यू म्हणून लग्न करू शकत नाही. अशी जोडपी सायप्रसला किंवा अन्यत्र जाऊन नागरी विवाह करतात आणि परत येऊन त्याची नोंद करतात. सरकारी ऑर्थोडॉक्स गियूरही पूर्ण सुरक्षित नव्हता: २००८ मध्ये वरिष्ठ धर्मन्यायालयाने सरकारी धर्मप्रवेश विभागाचे प्रमुख रब्बी हाइम द्रुकमान यांच्या गियूरवर प्रश्नचिन्ह उभे केल्याने हजारो जणांची स्थिती लटकली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय २०१२ मध्ये बाजूला ठेवला. प्रवेश एकदा वैध ठरला की माणूस नियम मोडू लागला तरी ज्यूच राहतो, हा तल्मूदचा जुना सिद्धांत डोळ्यांसमोर असताना हे घडावे, हे खेदजनक म्हटले पाहिजे. इस्राएलमध्ये नोकरीच्या किंवा पर्यटनाच्या व्हिसावर असलेल्या परदेशी व्यक्तीला सरकारी गियूरसाठी आधी अपवाद समितीची परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्राचा संबंध

मान्यतेचा हा प्रश्न केवळ गियूर करणाऱ्यांचा नाही, याचा सर्वांत कडवट अनुभव बेने इस्राएलांनी घेतला. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळणाऱ्या, म्हणूनच ‘शनिवार तेली’ म्हणवल्या गेलेल्या या मराठीभाषक समाजाच्या व्यक्तीचे इतर ज्यूशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी, अशी सूचना इस्राएलच्या मुख्य रब्बीनेटने १९६० च्या दशकाच्या आरंभी काढली. समाजाने जेरुसलेममध्ये आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केल्यावर रब्बीनेटला त्या सूचनेतून समाजाचे नाव काढावे लागले. म्हणून बेने इस्राएल घराण्यात लग्न करणाऱ्या बिगरज्यू स्त्रीने किंवा पुरुषाने एवढे जाणून असावे की समोरच्या कुटुंबाला हा विषय नाजूक आहे, आणि त्यांनी बेत दिनाविषयी काढलेल्या शंका संशयी स्वभावातून आलेल्या नसतात.

बेने इस्राएलांत परंपरेने रब्बी नव्हते. प्रार्थना हझान, म्हणजे प्रार्थना म्हणणारे पुढारी, चालवत. आजही मुंबई, ठाणे, पुणे किंवा रायगडमधील सिनेगॉगचे पत्र कुटुंब ज्यू असल्याबद्दल मोलाचे असते, पण ते बेत दिनाच्या दाखल्याची जागा घेऊ शकत नाही. मुंबईत १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ज्युइश रिलिजस युनियन ही रिफॉर्मच्या जवळच्या उदारमतवादी परंपरेतली आहे, त्यामुळे त्या वाटेने झालेल्या प्रवेशाला उदारमतवादी पंथाच्याच मर्यादा लागू होतात. ऑर्थोडॉक्स मान्यता हवी असलेल्याने परदेशातील बेत दिनाची तयारी ठेवावी, आणि तिच्यासाठी तेथे दीर्घकाळ राहावे लागेल हे गृहीत धरावे.

गियूर झाला आहे, पण पुढच्या दारी चालत नाही

अशा वेळी भांडत बसण्यापेक्षा ‘गियूर ल’हुम्रा’ हा मार्ग विचारात घ्यावा. यात जुना प्रवेश रद्द न ठरवता, केवळ शंका मिटवण्यासाठी विधी पुन्हा केला जातो. काहींना तो अपमान वाटतो, आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु रब्बी समंजस असल्यास पूर्वीचा अभ्यास जमेस धरून प्रक्रिया बरीच आटोपशीर होते. ब्रिटनमध्ये मात्र हेच भांडण न्यायालयात गेले. लंडनच्या जेएफएस या ज्यू शाळेने, आईचा गियूर ऑर्थोडॉक्स नव्हता म्हणून, एका मुलाला प्रवेश नाकारला होता. डिसेंबर २००९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा निकष वांशिक भेदभाव ठरवला. न्यायालयाने आईचा गियूर वैध ठरवला नाही, केवळ प्रवेशाचा निकष अवैध ठरवला. तेव्हापासून शाळा मातृवंशाऐवजी धर्माचरणाचा पुरावा मागते.

जोडीदार कोहेन, म्हणजे पुरोहितवंशीय, असेल तर ही अडचण सगळ्यांत आधी तपासावी. धर्मप्रवेश केलेल्या स्त्रीचे कोहेनशी लग्न ऑर्थोडॉक्स रब्बी लावत नाहीत, मग तिचा गियूर कितीही निर्दोष असो. कॉन्झर्वेटिव्ह पंथाने त्यातून वाट काढली आहे, आणि रिफॉर्म पंथ ही बंदी मानत नाही.

मुलांचा हिशेब तारखेवर चालतो. आईच्या गियूरनंतर जन्मलेले मूल, तो गियूर मानणाऱ्यांच्या दृष्टीने, जन्मतःच ज्यू असते, आणि गरोदरपणी आईने गियूर केला असेल तरीही. आधी जन्मलेल्याचा गियूर वेगळा करावा लागतो. मूल लहान असताना बेत दिनाने केलेला गियूर मुलगी बारा किंवा मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावर नाकारण्याचा हक्क त्याला असतो, आणि त्या वयात गप्प राहून ज्यू आचरण चालू ठेवणे हीच संमती धरली जाते. म्हणून त्या वयाच्या आधी त्याला त्याचा गियूर झाला आहे हे स्पष्ट सांगावे, आणि त्याच्या नावाचा स्वतंत्र दाखला आईच्या दाखल्यासोबत ठेवावा.